जुन्या मसल कारला मेण लावावं, सीलंट की सिरॅमिक?

स्वच्छ पांढरं सुती फडकं घ्या, त्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घ्या आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, दहा-बारा वेळा हलक्या हाताने फिरवा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर तो एकथरी रंग आहे, वर पारदर्शक क्लिअर कोट नाही. फडकं नुसतं मळलं, तर गाडी मागे कधीतरी नव्याने रंगवली आहे आणि रंगावर क्लिअर कोट आहे. गाडी पांढरी असेल तर फडकं काळं घ्या, नाहीतर काही कळणार नाही. मेण की सीलंट की सिरॅमिक, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, आणि त्याचं निम्मं उत्तर या फडक्यावर असतं.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे 1968 ची पाँटिॲक जीटीओ आहे, म्हणजे मसल कार, त्या काळची दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी. ती लाल आहे आणि बरीचशी कारखान्यातल्या मूळ रंगातली. शेजाऱ्याची 1969 ची कॅमेरो निळी आहे आणि काही वर्षांपूर्वी पूर्ण रंगवलेली. दोन्ही जनरल मोटर्सच्या, वयात एका वर्षाचा फरक, दोन्ही नोव्हेंबर ते एप्रिल गराजमध्ये, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं. तरीही दोघींना एकच उपाय चालत नाही.

याचं कारण रंगाच्या जातीत आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरत असे. फोर्ड आणि क्रायस्लरचा भर इनॅमलवर होता. क्लिअर कोट सर्रास दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात. म्हणजे मसल कारच्या ऐन काळातल्या गाड्यांचा रंग उघडाच असतो. ऊन थेट त्याच्यावर पडतं, रंग कोरडा होतो, वरचा थर मरतो. लाल गाडी गुलाबी-पांढुरकी दिसू लागते ती यामुळेच. हा मेलेला थर निघाला की खाली खरा लाल असतो, पण तो किती उरलाय याची खात्री नसते. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी, आणि त्यातला काही भाग आधीच्या मालकांनी पॉलिश करकरून घालवलेला असतो. म्हणून काम सुरू करण्याआधी जाडी मोजण्याचं यंत्र कुणाकडून तरी मागून आणा. एखाद्या जागी आकडा एकदम 500 च्या पुढे गेला, तर खाली पुट्टी भरलेली आहे हेही त्यातच कळतं.

आता तिघांकडे वळू.

कार्नाऊबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर मिळतं. तिथलं ऊन कडक, पाऊस कमी, आणि पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच हा थर धरतं. गाडीवर ते लावलं की पाणी अळवाच्या पानावर जसं गोळा होऊन घरंगळतं, तसंच दिसतं. टिकतं सहा ते आठ आठवडे. वीस-तीस डॉलरचा चांगला डबा मोजके दिवस रस्त्यावर येणाऱ्या गाडीला कित्येक हंगाम पुरतो. पण मला ते आवडतं ते त्याच्या दिसण्यासाठी. लाल, मरून, काळा अशा गडद रंगांना कार्नाऊबा जी ओली, उबदार खोली देतं, ती मला दुसऱ्या कशातही दिसलेली नाही.

सीलंट हे प्रयोगशाळेतलं पॉलिमर. लावायला सोपं, चार ते सहा महिने टिकतं, झळाळी काचेसारखी, थोडी थंड. चंदेरी किंवा पांढऱ्या गाडीला ती शोभते. रोज बाहेर उभी राहणारी गाडी असेल, तर मी दुसरा विचारही करणार नाही.

सिरॅमिकचं आकर्षण सगळ्यांनाच आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. सिलिकाचा कडक थर, दोन वर्षं आणि त्याहून जास्त टिकतो, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं. दुकानातून करून घेतलं तर खर्च सहज हजार डॉलरच्या घरात जातो. पण जुन्या मूळ रंगावर ते लावू नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. कोरड्या पडलेल्या लॅकरला तेल हवं असतं. सिरॅमिक चिकटायला मात्र पृष्ठभागावर तेलाचा अंशही चालत नाही, म्हणजे रंगाला जे पाजलं तेच आधी पुसून काढायचं. शिवाय उद्या ते नको झालं, डाग पडला किंवा एखादा भाग नीट बसला नाही, तर काढायचा मार्ग एकच: घासून. त्या घासण्यात जाणारा रंग 1968 सालचा असतो. तो कारखाना गेला, पाँटिॲक हा ब्रँडही बंद झाला. पुन्हा कुणी तो रंग लावून देणार नाही.

रंगवलेल्या गाडीवर सिरॅमिक चालतं, पण खालचा पृष्ठभाग निर्दोष करून. शेजाऱ्याने कॅमेरोवर एका दुकानातून ते लावून घेतलं. दुकानाने आधीचे बारीक गोल ओरखडे काढलेच नाहीत. सावलीत गाडी सुंदर दिसते. उन्हात आणली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं उमटतं, आणि ते आता त्या कडक थराखाली बंद झालंय. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं, कारण त्या गाडीवर त्याने मनापासून खर्च केला होता.

टिकाऊपणाबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गराजमध्ये पांघरूण घालून ठेवलेली, वर्षातून पंधरा-वीस दिवस चालणारी गाडी असेल, तर मेण दोन महिने टिकतं की सीलंट सहा महिने, याने फारसा फरक पडत नाही. तिथे निवड डोळ्यांनी करावी. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, ते दिवसभर बसू द्यावं, मग वर कार्नाऊबा. उलट क्रमाने केलं तर सीलंट धरतच नाही.

खरी मेहनत मात्र या सगळ्याच्या आधी, धुण्यात आहे. तिथेही निवड करावी लागते: पाइपाने धुवायचं की नंतर पाणी ओतावं न लागणाऱ्या धुण्याच्या द्रावणाने. मी आता बहुतेक वेळा दुसरं करतो. जुन्या गाडीत पाणी कुठे शिरेल याचा नेम नसतो. समोरच्या काचेखालच्या जाळीतून, मागच्या काचेच्या पट्टीखालून, दाराच्या तळातून ते आत जातं आणि गंज आतून सुरू होतो. बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण, आठ-दहा मऊ मायक्रोफायबर, आणि प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी, एवढ्यावर नुसती धूळ बसलेली गाडी स्वच्छ होते. चिखल असेल तर मात्र पाइपच हवा, नाहीतर तीच माती रंगावर घासली जाते. तेव्हा दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळून घ्यायला. भांड्यांचा साबण कधीच वापरू नका, तो असलेलं मेणही घेऊन जातो. धुऊन झाल्यावर सगळी दारं, डिकी उघडी ठेवून गाडी उन्हाबाहेर वाळू द्या.

मूळ रंगाला मेणाआधी ग्लेझ पाजा. घासणारे कण नसलेलं, तेलाने भरलेलं ग्लेझ घ्यायचं. मेग्वायर्सचं सात नंबरचं ग्लेझ इथल्या जुन्या गाडीवाल्यांच्या तोंडी असतं. बॉनेटवर जाडसर लावून मी रात्रभर तसंच ठेवलं होतं. सकाळी टेरी कापडाने पुसताना फडकं लाल झालं आणि बॉनेटचा जो कोपरा पांढुरका होता, तिथे फडकं फिरेल तसा रंग वर येत गेला. त्या दिवशी पॉलिशच्या यंत्राला हातही लावावा लागला नाही. यंत्र वापरायचंच असेल तर फिरता फिरता डोलणारं ड्युअल ॲक्शन घ्या. नुसतं गोल फिरणारं रोटरी कडांवर क्षणात पत्रा उघडा पाडतं. आणि रंग मेटॅलिक असेल तर मूळ रंगावर अजिबात घासू नका, कारण त्यातले ॲल्युमिनियमचे कण उघडे पडून काळपट ढग दिसू लागतात.

मेण लावताना कमी घ्यायचं. जास्त लावलं तर जास्त चमकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी अर्ध्या बॉनेटएवढाच भाग. धुकट झालं की एक बोट ओढून बघा. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायची वेळ झाली, ओलसर-चिकट उमटलं तर थांबा. जुन्या लॅकरला कधीकधी बारीक तडे गेलेले असतात. अशा गाडीवर पांढरं वाळणारं मेण वापरलं तर ते तड्यांत बसतं आणि प्रत्येक भेग दिसू लागते. 1968 च्या जीटीओचं नाक तर पत्र्याचं नाहीच, ते एंड्युराचं, रबरासारखं लवचिक, आणि त्यावरचा रंग लवकर तडकतो. तिथे मी बोटांच्या टोकांनीच मेण लावतो.

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते, 1995 पासून. रस्ता फर्नडेलकडून थेट पाँटिॲक शहरापर्यंत जातो, म्हणजे माझी गाडी माहेरीच निघते. मी गुरुवारी धुतो, शुक्रवारी मेण लावतो. शनिवारी सकाळी फक्त धूळ पुसतो.

तुम्ही निवड करताना एक लक्षात घ्या. पन्नास-पंचावन्न वर्षांची गाडी क्वचितच पूर्ण एका रंगात असते. कुणी एक फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, बदललेला असतो, कुणी दार रंगवलेलं असतं. माझ्या गाडीचा डावा मागचा भाग क्लिअर कोटचा निघाला, बाकी सगळं मूळ लॅकर. त्यामुळे ते पांढरं फडकं एकदाच फिरवून थांबू नका. बॉनेट, छत, चारही फेंडर, दोन्ही दारं, डिकी, प्रत्येकाच्या कडेला वेगळं फिरवा आणि कुठे काय निघालं ते लिहून ठेवा. जिथे रंग उतरला तिथे ग्लेझ आणि कार्नाऊबा, जिथे नाही उतरला तिथे सीलंट. मग पूर्ण गाडीवर वरून एकच कार्नाऊबाचा हात द्या, म्हणजे चकाकी सगळीकडे सारखी दिसेल.