सील बदललंच नव्हतं, तेल कमी केलं होतं

गोव्यात, आमच्या डिचोलीत ज्यांनी खाणीच्या भरवशावर ट्रक घेतले होते, त्यांना २०१८ चा मार्च विसरता येणार नाही. सुप्रीम कोर्टाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि माझे दोन्ही टिपर दारात उभे राहिले. एक विकला, त्यातून दुसऱ्याचे हप्ते फेडले. मग उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवावा म्हणून बेळगावच्या एका व्यापाऱ्याकडून लष्कराच्या लिलावातली शक्तिमान घेतली. सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागांकडे जाणाऱ्या चढांवर साधा टँकर मागची चाकं गरगर फिरवत बसतो. शक्तिमानची पुढची चाकंही ओढतात. मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर ही गाडी जबलपूरला बनायची, आणि ते काम १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यांत धाकटी गाडीसुद्धा आता तिशीला टेकली. आमच्या घरी हिला ‘आजी’च म्हणतात.

तर या आजीच्या डाव्या पुढच्या चाकातून गेल्या उन्हाळ्यात तेल उतरायला लागलं. आधी टायरच्या आतल्या कडेला ओली रेघ, मग तिला चिकटलेली लाल धूळ, मग अंगणात भाकरीएवढा काळा डाग. बोटाला घेऊन हुंगलं तर गंधकासारखा उग्र वास, म्हणजे डिफरन्शियलचं, एक्सलच्या मधल्या गिअरच्या पोटातलं, नव्वद नंबरचं तेल. ग्रीस असतं तर एवढी चिंता केली नसती. साखळी गावाच्या उतारावर ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे ओढायला लागली. डाव्या ड्रममधल्या लायनरपर्यंत, म्हणजे ब्रेक धरणाऱ्या पट्टीपर्यंत, तेल पोचलं होतं, हे कळायला मिस्त्री लागत नाही. पाठीवर चार हजार लिटर पाणी असताना हा खेळ परवडणारा नव्हता.

माझा नेहमीचा मिस्त्री म्हणाला, मिलिटरी गाडीच्या पुढच्या एक्सलला मी हात घालत नाही. त्याच्याच गॅरेजात बसलेल्या एकाने नंबर दिला. दुसऱ्या दिवशी तो माणूस स्कूटरवर हजर. वय पन्नाशीचं, खाकी पँट, केस बारीक कापलेले. म्हणाला, “ईएमईत, फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, बावीस वर्षं काढलीत. शक्तिमान डोळे मिटून खोलतो.” फौजेचं नाव निघालं की आपण मान खाली घालतो. मी कसलाही कागद मागितला नाही. आता वाटतं, कागद सोडा, निदान कुठल्या गावात होता एवढं तरी विचारायचं होतं.

त्याने गाडीखाली डोकावून निदान केलं: दोन्ही बाजूंची तेल अडवणारी सील गेली, हे मिलिटरी नंबरचं सील बाजारात मिळत नाही, पुण्याहून आणावं लागेल. सीलांचे चौदा हजार आगाऊ, मजुरी सहा. त्यातले तीन हजार काम टिकल्यावर द्यायचे, असं त्यानेच सुचवलं. या तीन हजारांनीच मी फसलो. फसवणारा माणूस पैसे मागे ठेवायला सांगेल असं कुणाला वाटेल?

काम त्याने माझ्याकडेच, शेडमध्ये केलं. सकाळी नऊला बसला, आणि मी पाण्याच्या फेऱ्या दुसऱ्याच्या टँकरवर घालून दीडला परत आलो तेव्हा चाकं चढवलेली होती. चाक वळवणारी नकल डिझेलने धुऊन लख्ख, सांध्यावर लाल सिलिकॉनची रेघ, भोवती ताजं ग्रीस. जुनी सील मागितली तर म्हणाला, “त्याचा भुगा झाला होता बाब, टाकून दिला. आता कांयच जावचें ना.” बिल विचारलं, तर पुण्याचा माणूस पाठवेल म्हणाला.

आणि खरंच, गळती थांबली. अंगण कोरडं. सोळा-सतरा दिवस मी त्याची तारीफ करत फिरलो, दोन टँकरवाल्यांना त्याचा नंबरही दिला. त्या दोघांची माफी मी समोर जाऊन मागितली आहे.

अठराव्या दिवशी केरीच्या पुढच्या एका बागेचा चढ चढताना पुढून घुंईं असा आवाज यायला लागला. गाडीला ओढ लागली की वाढायचा, एक्सलेटर सोडला की उतरायचा. वर पोचून उतरलो आणि डिफरन्शियलच्या हौसिंगवर पाणी शिंपडलं, तर तव्यावर पडल्यासारखं चुर्र झालं.

पेडण्याला आमच्या मामाच्या शेजारी एक निवृत्त हवालदार काका राहतात. खरोखरचे ईएमईचे. मामाने त्यांना गाडीत घालून आणलं. त्यांनी चाकाकडे पाहिलंही नाही. हौसिंगचा लेव्हल प्लग, म्हणजे तेलाची पातळी बघायचं बूच, पान्याने सोडवला आणि मला म्हणाले, “बोट घाल.” तेल भोकाच्या काठापर्यंत हवं. माझी अख्खी तर्जनी आत गेली आणि कोरडी बाहेर आली, फक्त टोकाला थोडासा काळा चिकटा.

“सील कशाला बदलेल तो,” काका म्हणाले, “गळायला तेलच ठेवलं नाही.”

मग त्यांनी माझ्या वहीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. तेल मधल्या पोटात असतं. गाडी आडवी कलली किंवा वळणावर गेली की ते नळीतून चाकाकडे धावतं, आणि नळीच्या टोकाला शाफ्टभोवती बसलेलं सील त्याला अडवतं. दोनेक लिटर काढून टाकलं की तेल तिथवर पोचतच नाही. गळती बंद, गिऱ्हाईक खूश. आत क्राऊन आणि पिनियन हे गिअर मात्र कोरडे घासत राहतात.

डावी बाजू माझ्यासमोर खोलली. आत जुनंच सील होतं, ओठ पापडासारखा कडक. वर कोरलेले आकडे अजून वाचता येत होते: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन म्हापशाच्या बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कॅलिपर लावला, फडताळातून दोन सील काढली आणि जोडीचे साडेसातशे घेतले. मिलिटरी नंबर वगैरे काही नाही. मिलिमीटरला फौज आणि सिव्हिल कळत नाही.

पण काकांनी नवं सील लगेच ठोकू दिलं नाही. आधी ब्रिदर शोधायला लावला. हौसिंगच्या डोक्यावर करंगळीएवढी ती टोपी असते, तेल तापलं की आतली हवा तिच्यातून बाहेर जाते. आमची टोपी खाणीच्या आणि बागांच्या लाल मातीने विटेसारखी गच्च झाली होती. “नाक बंद केल्यावर वारा कानातून निघणार की नाही?” हवा सीलमधूनच वाट काढत होती आणि सोबत तेल आणत होती. तारेने खरवडून, डिझेलमध्ये बुडवून, फुंकून पाहिली तेव्हा कुठे मोकळी झाली. ती तशीच ठेवून नवं सील बसवलं असतं, तर तेही पावसाळ्यापर्यंत गळलं असतं. दुसरं, शाफ्टवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं. तिथे चर पडली होती, म्हणून सील दोन मिलिमीटर आत सरकवून बसवलं, ओठाची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. लायनर दोन्ही बाजूंचे नवे घातले, कारण तेल प्यालेला लायनर धुऊन पहिल्यासारखा होत नाही.

पिनियनचं पुढचं बेअरिंग जळून निळं पडलं होतं. तेवढ्यासाठी बेळगावच्या भंगारवाल्याकडे दोन फेऱ्या झाल्या. सगळं मिळून एकतीस हजार गेले, शिवाय ऐन मे महिन्यातले अकरा दिवस. काकांनी एक पैसा घेतला नाही. निघताना अंगणातल्या मानकुराद आंब्यांची पाटी तेवढी मामाच्या गाडीत चढवली.

त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. माझ्याकडे बिल नाही, पावती नाही, पैसे रोख दिले. चौकीवर हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कूटर, खाकी पँट, पुण्याचं सील आणि काम चालू असताना मालकाला फेरीला पाठवायची घाई, एवढ्यावरून ओळखाल. कुणाचीही गळती एका दुपारी बंद झाली असेल तर आजच लेव्हल प्लग उघडा आणि बोट घाला. पुढचाच नव्हे, मागचाही.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी फोन वाजला. तोच होता. आवाज अगदी प्रेमाचा. “बाब, काम टिकलं ना? मग ते राहिलेले तीन हजार...”