शहापुरातला छापखाना: स्वखर्चाने कादंबरी काढणाऱ्यांसाठी

निवृत्तीनंतर कादंबरी स्वखर्चाने काढणाऱ्या मास्तरांना, बँकवाल्यांना बेळगावात शहापूरचा हा छापखाना परवडेल. डेमी म्हणजे कादंबरीचा नेहमीचा आकार, 70 जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर कागद, शिवून केलेली बांधणी. पुस्तक सताड उघडलं तरी पानं सुटत नाहीत. पानं 16 च्या पटीत बसवा, नाहीतर शेवटी कोरी राहतात.

अक्षरजुळणी मात्र कच्ची. श्रीलिपी या टंकन-सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर हल्लीच्या युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’मधला र तुटतो, मध्येच कानडी संवाद असतील तर बघायलाच नको! छापील प्रूफ मागाच, पडद्यावर हे निसटतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्वतःच्या नावावर घ्या. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, इथे त्याचेही पैसे लावतात.