वॉक सायकलऐवजी गणपती पाठवला, तरी 92 मार्क

सांगलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बोर्ड, लग्नपत्रिका आणि गेली काही वर्षं व्हॉट्सॲपवर फिरवायचे पत्रिकांचे व्हिडिओ. तोरण हलतं, गणपती हात वर करतो, नावं उमटतात. आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर मी दुसऱ्यांच्या टेम्प्लेटची मोडतोड करतच शिकलो. पण साधा चेंडू उसळताना त्याला वजन आहे असं वाटायला हवं, ते काही साधत नव्हतं. त्यातला हालचालीचा वेग ठरवायचा ग्राफ एडिटर उघडायचा, त्या वाकड्या रेषा बघायच्या आणि गुपचूप बंद करायचा. अशात मोबाइलवर जाहिरात आली: ॲडव्हान्स्ड ॲनिमेशन आणि मोशन ग्राफिक्समध्ये ऑनलाइन एम.एस्सी., यूजीसी मान्य, प्लेसमेंटची शंभर टक्के हमी.

मी बी.कॉम. बी.कॉम.वाल्याला एम.एस्सी.ला कोण घेतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला. पदवीचा मोह होता, खोटं कशाला बोलू. मेहुण्यांच्या पोरांसमोर ‘फ्लेक्सवाले मामा’ म्हणून बसायचा कंटाळा आला होता.

काउन्सेलर मॅडम गोड बोलायच्या. ‘सर, या बॅचच्या दोनच सीट राहिल्यात.’ मी म्हटलं, मान्यता दाखवा. त्यांनी स्क्रीन शेअर करून यूजीसीची साइट उघडली, यादी खाली खाली नेली आणि एका परराज्यातल्या विद्यापीठाच्या नावावर कर्सर थांबवला. ‘दिसलं ना सर?’ दिसलं. साइट खरी, विद्यापीठ खरं, नावही खरं. माझं समाधान झालं आणि नेमका तिथेच मी गंडलो.

फी 1,32,000. महिना 5,500 प्रमाणे 24 हप्ते, बिनव्याजी. आधार, पॅन, सेल्फी आणि दोन ओटीपी. ‘हा फक्त व्हेरिफिकेशनचा आहे सर.’ संध्याकाळी एका फायनान्स कंपनीचा मेसेज आला की तुमचं कर्ज मंजूर झालंय. मी फोन केला. ‘तो सिस्टिमचा फॉरमॅट असतो सर, टेन्शन घेऊ नका.’

पहिला महिना मात्र चांगला गेला, हे सांगायलाच हवं. एक तरुण मास्तर होता, त्याला विषय येत होता. चेंडू वर पोचतो तिथे तो रेंगाळतो म्हणून फ्रेम दाटीने, जमिनीकडे येतो तसतशा विरळ. आपटण्याआधी थोडा लांबवायचा, टेकल्या फ्रेमला चपटा करायचा. त्या रात्री दुकानाचं शटर ओढून मी दीड वाजेपर्यंत बसलो आणि चेंडू उसळला! रबरी चेंडू वेगळा, लोखंडी गोळा वेगळा. वाटलं, पैसे वसूल.

दुसऱ्या महिन्यात मास्तर गायब. ‘लाइव्ह’ वर्गाच्या नावाखाली रेकॉर्डिंग लागायला लागली. सगळ्यांच्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन. एका व्हिडिओत तो चौकोन क्षणभर सरकला आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी चॅनेलचं नाव दिसलं. शोधलं, तर अख्खी मालिका यूट्यूबवर फुकट. माया या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचंही तेच. मान्यताप्राप्त संस्थेच्या विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ही ते बनवणारी कंपनी शिकण्यासाठी ते मोफत देते. मी संस्थेचं पत्र जोडून अर्ज केला, तर पडताळणीत नामंजूर. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘क्रॅक टाका, लिंक देतो.’ म्हणजे चोरीची प्रत. वर ‘सॉफ्टवेअर सपोर्ट’चे 8,000 आधीच घेतलेले.

तिसऱ्या महिन्याची असाइनमेंट वॉक सायकलची होती. पात्र 24 फ्रेममध्ये दोन पावलं चालवायचं. माझ्या डोक्यात संशय होताच. मी वॉक सायकलच्या नावाने एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेचा व्हिडिओ चढवला. गणपती, तोरण, सनई, खाली चि. सौ. कां. अमकी तमकी. दोन दिवसांनी 92 मार्क आले. शेरा: ‘गुड वेट शिफ्ट, कीप इट अप.’ बायको हसून हसून लोळली. मग हप्ता आठवला आणि दोघंही गप्प झालो.

त्यानंतर मी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, यादी स्वतः नीट वाचली. तिथे विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. परवानगी अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. त्या विद्यापीठापुढे बी.ए., एम.कॉम., एमबीए होतं. ॲनिमेशन कुठेच नव्हतं. 2020 च्या नियमांनुसार ऑनलाइन पदवी विद्यापीठाने स्वतः चालवायची, मध्ये फ्रँचायझी चालत नाही. शिवाय 2024 पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. माझ्याकडे तो कुणी मागितलाच नव्हता. विद्यापीठाच्या कुलसचिवांना मेल केला. चार ओळींचं उत्तर आलं: असा अभ्यासक्रम आम्ही चालवत नाही, या संस्थेशी आमचा संबंध नाही.

शिकवणी बंद झाली तरी कर्ज बंद होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. संस्थेला पैसे फायनान्स कंपनीने केव्हाच दिले होते. मी देणेकरी कंपनीचा. हप्ता थांबवला तर सिबिल माझं बिघडणार, संस्थेचं नाही. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत माझ्या करारात लिहिलेली होती. करार मी उघडला चौथ्या महिन्यात. कंपनीकडे लेखी तक्रार केली, 30 दिवसांत उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. तिकडचा निकाल अजून यायचाय.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर संस्थेतून पहिल्यांदाच माणसासारखा फोन आला. 30,000 परत देतो, ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. नाही दिलं. इथले वकील म्हणाले, शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे का यावर कोर्टात वाद आहेत, त्यामुळे आपण शिकवणीच्या दर्जावर भांडायचं नाही. खोट्या जाहिरातीवर आणि नसलेल्या पदवीवर बोट ठेवायचं. दावा आपल्या जिल्ह्यातच लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्क्रीन शेअरचं रेकॉर्डिंग आहे का? नव्हतं. नशिबाने मॅडमनी ‘यूजीसी ॲप्रूव्ह्ड एम.एस्सी.’ लिहिलेलं माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. तेवढ्यावर सगळी मदार आहे.

बॅचमधले शोधून शोधून आम्ही अकरा जण जमलोय. सगळ्यांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर संस्थेचं नाव एकच, पण पैसे गेलेली खाती चार वेगवेगळी, त्यातलं एक तर कुठल्याशा ट्रॅव्हल एजन्सीचं. तुमच्याकडे अशी पावती असेल तर कोर्सचं नाव नंतर बघा, आधी खातेदाराचं नाव वाचा. आणि ती फाडू नका, आम्हाला लागणार आहे.