माशेलचा चित्रकलेचा वर्ग: साबणाचा फुगा आधी बघायला शिकवणाऱ्या बाई

माझी मुलगी साडेपाच वर्षांची. जूनपासून दर शनिवारी दुपारी तिला घेऊन मी गोव्यात फोंड्याहून माशेलला जाते. मुलांच्या वर्गाबद्दल कुणाला विचारलं तर फी कळते, वेळ कळते. शिकवतात कसं ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ती दुसऱ्या एका वर्गाला जायची. तिथे साबणाचे फुगे असे शिकवले: बाटलीचं झाकण कागदावर ठेवायचं, भोवती निळी पेन्सिल फिरवायची, वर एका बाजूला पांढरा स्वल्पविराम. झाला फुगा. सगळ्या मुलांचे कागद एकसारखे. माझ्या लेकीने झाकण न घेता हाताने एक वाकडा फुगा काढला होता, तो तिला खोडायला लावला. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती गप्प होती. मला ते अजून लागतं.

माशेलचा वर्ग बाईंच्या जुन्या घरात, राजांगणात भरतो. चारी बाजूंनी उतरती कौलं, मधे तुळशीवृंदावन, वर उघडं आभाळ. पहिल्या शनिवारी कागद निघालाच नाही. बाईंनी आदल्या रात्री पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण आणि चमचाभर ग्लिसरीन कालवून ठेवलं होतं. फुंकायला पपईच्या पानांचे पोकळ देठ, धुऊन चीक काढलेले. प्रत्येक देठाला वरच्या बाजूला एक भोक. कुणी चुकून ओढलं तर त्या भोकातून हवाच येते, साबण तोंडापर्यंत पोचत नाही. एवढी काळजी घेतलेली पाहूनच मी निम्मी निश्चिंत झाले.

पावसाची उघडीप होती, हवा दमट. अशा हवेत फुग्याचं पाणी लवकर उडून जात नाही, तो जास्त टिकतो. हात ओला केला तर फुगा तळव्यावर अलगद बसतोसुद्धा. मुलं अशी फुगा हातात घेऊन उभी असताना बाईंनी विचारलं, "फुग्यात आभाळं किती?" सगळे म्हणाले, एक. "परत बघा." माझी लेक बराच वेळ बघत राहिली आणि ओरडली, "दोन! एक उलटं आहे!" खरंच, राजांगणाच्या उजेडाचा चौकोन फुग्यात वर सुलट दिसतो आणि खाली उलटा. बाईंनी हातात स्टीलचा चमचा दिला: पाठीवर तोंड सुलट, खोलगट बाजूला उलटं. फुग्याची आपल्याकडची बाजू चमच्याच्या पाठीसारखी, पलीकडची पोटासारखी. मी बेचाळीस वर्षांची आहे, मला हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या शनिवारी पाटी आणि खडू. मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवून मोठे गोल काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, पुन्हा काढायचे. गोल जुळला नाही तर बाई म्हणतात, "बाय, वारा जातो बघ, दार लाव." मुलाच्या रेघेवर त्या स्वतःची रेघ कधीही ओढत नाहीत. या वर्गातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

मग काळा कागद आणि तेली खडू. फुग्याचा रंग कोणता, असं विचारल्यावर सवयीने उत्तर आलं, निळा. पुन्हा फुगे उडवले. काठाशी गुलाबी, हिरवा, सोनेरी पट्टे दिसले. साबणाचं पाणी खाली ओघळतं, वरचा पडदा पातळ होत जातो, तसे रंग सरकतात. आणि फुटायच्या जरा आधी माथ्यावर रंगच उरत नाही, तिथे काळं दिसतं. हे एकदा कळल्यावर मुलं "आता फुटणार!" म्हणून आधीच सांगायला लागली. कागद काळाच असल्यामुळे माथा कोरा सोडला की झालं. मधलाही भाग कोरा, कारण फुग्यातून पलीकडचं दिसतं. एका मुलाने फुग्याच्या आत तुळस काढली. बाईंनी ते चित्र भिंतीला लावलं.

चिकटलेल्या फुग्यांचा तास वेगळा झाला. ओल्या ताटलीत दोन सारखे फुगे चिकटले तर मधली भिंत सपाट. एक लहान, एक मोठा असेल तर भिंत मोठ्याच्या पोटात फुगते, कारण लहान फुग्यात हवेचा दाब जास्त असतो. बाईंनी कारण सांगितलं नाही, नुसतं बघायला लावलं. लेकीच्या चित्रात रेघ बरोबर मोठ्याच्या बाजूला वाकली आहे. "धाकट्याने मोठ्याला ढकललंय," असं ती आजीला समजावत होती.

लहानपणी आम्ही कुंपणाच्या मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे उडवायचो. तसं करूया का, असं मी सुचवलं. बाई नाही म्हणाल्या: बी विषारी, आणि चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. पटलं मला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. साबणाने जमीन निसरडी होते. एक मूल घसरून पडलं, गुडघा खरचटला. पुढच्या वेळेपासून गोणपाट अंथरलेलं असतं, पण ते सुरुवातीलाच हवं होतं. चार वर्षांची आणि सात वर्षांची मुलं एकत्र बसतात. मोठ्यांचं काम लवकर आटपतं आणि ती चुळबुळ करतात. दोन गट करायला हवेत, हे मी बाईंना सांगितलं आहे. स्पर्धेची तयारी इथे होत नाही, बक्षिसं हवी असतील तर हा वर्ग त्यासाठी नाही.

फी महिना 800 रुपये. कागद त्यांचा, पाटी आणि तेली खडू आपले. वेळ 4 ते 5.30. जुने कपडे घालून पाठवा, तेली खडू बाहीला हमखास लागतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात वर्ग बंद असतो.