मद्यार्क शुल्काचा परतावा: या सेवेला पाचपैकी दोन

अल्कोहोलवर भरलेलं शुल्क परत मिळण्याची सोय कागदावर आहे. कलम आहे, नमुना आहे, अपिलाची पायरीही आहे. तरी दावे बुडतात, आणि कर वैध होता म्हणूनच बुडतात असं नाही. कर बेकायदा ठरल्यावरही पैसे परत मिळत नाहीत, हे या सेवेचं खरं वैशिष्ट्य. दोन गुण दिलेत ते व्याजाची तरतूद आहे म्हणून आणि अर्ज ऑनलाइन जातो म्हणून.

पारखायची तर सोमय्या ऑरगॅनिक्स विरुद्ध उत्तर प्रदेश या प्रकरणापासून सुरुवात करावी. उत्तर प्रदेश सरकार औद्योगिक अल्कोहोलवर 'व्हेंड फी', म्हणजे विक्रीवरची फी, घेत असे. २५ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सिंथेटिक्स अँड केमिकल्स खटल्यात राज्याला तो अधिकारच नाही असं ठरवलं, पण निकाल पुढच्या काळापुरता ठेवला. आधी वसूल झालेली रक्कम परत करायची नाही! मग प्रश्न उरला तो स्थगितीमुळे भरायच्या राहिलेल्या जुन्या रकमेचा. राज्य म्हणालं, निकाल पुढचा आहे, मागची थकबाकी आम्हाला द्या. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फेटाळलं: २५ ऑक्टोबर १९८९ नंतर ती फी मागच्या काळासाठीसुद्धा वसूल करता येणार नाही. थोडक्यात, ज्याने मुकाट्याने भरलं त्याचे गेले आणि ज्याने स्थगिती मिळवली त्याचे वाचले. कायदा दोघांना एकच होता.

म्हणून रोख भरणा आणि बँक गॅरंटी (पैसे न भरता दिलेली बँकेची हमी) यांतला फरक नीट कळायला हवा. १९९४ च्या ओसवाल अ‍ॅग्रो मिल्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गॅरंटी देणं म्हणजे शुल्क भरणं नव्हे. त्यामुळे गॅरंटी परत घेताना परताव्याची कडक कसोटी लागत नाही. गॅरंटीचं कमिशन जातं, बँकेतली मर्यादा अडकते, हे खरं. पण वादाची रक्कम मोठी असेल तर हा खर्च स्वस्तच म्हणायचा.

ती कडक कसोटी आली मफतलाल इंडस्ट्रीजच्या निकालातून. १९ डिसेंबर १९९६, नऊ न्यायमूर्तींचं पीठ. कर चुकीचा होता एवढं सिद्ध करून भागत नाही. त्याचा बोजा ग्राहकावर टाकला नाही हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. बोजा पुढे सरकवला असेल तर पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्याचं कलम १२ ब तर बोजा पुढे गेलाच असं गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. आमच्या राज्याच्या कायद्यात असं कलम नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी २००५ चा सहकारी खांड उद्योग मंडळ निकाल वाचावा: हे तत्त्व न्यायबुद्धीवर उभं आहे, कलम असो वा नसो.

बहुतेकांचा पुरावा इथेच कोसळतो. 'शुल्क लागण्याआधी आणि नंतर आमचा भाव तोच होता' हा आवडता युक्तिवाद. अलाइड फोटोग्राफिक्समध्ये (२००४) तो पुरेसा नाही असं ठरलं. अल्कोहोल आपल्याच कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरलं, विकलंच नाही? सोलर पेस्टिसाइड्स (२०००) प्रमाणे तिथेही कसोटी लागते, कारण शुल्क तयार मालाच्या किमतीत मुरलेलं असू शकतं. नंतर खरेदीदाराला क्रेडिट नोट देऊन, म्हणजे त्याच्या खात्यात रक्कम जमा दाखवून, शुल्क परत केलं? अ‍ॅडिसन प्रकरणात (२०१६) तीही अपुरी ठरली, कारण त्या खरेदीदाराने भार पुढे ढकललेला असू शकतो.

टिकतो तो ताळेबंद. वादातली रक्कम भरल्या वर्षापासून 'येणे' बाजूला दिसली पाहिजे. एकदा का ती खर्चात गेली, की किमतीत धरली गेली असंच वाचलं जातं, आणि मग सीएच्या नुसत्या प्रमाणपत्राने काही होत नाही. प्रमाणपत्रासोबत कॉस्ट शीट (किंमत कशी ठरवली त्याचा हिशेब), बीजकं आणि खातेउतारे लागतात. बीजकावर शुल्क वेगळं दाखवून वसूल केलं असेल तर ग्राहकाकडून पैसे घेतल्याचा पुरावा तुम्हीच छापलात.

आता खिडकी कुठली, म्हणजे अर्ज कुठल्या कायद्याखाली आणि कुणाकडे? पिण्याच्या दारूवरचं शुल्क राज्याचं, सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीच्या नोंद ५१ खालचं, त्यामुळे अर्ज राज्याच्या कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे. औद्योगिक अल्कोहोलवर १ जुलै २०१७ पासून जीएसटी, म्हणजे परताव्याचा अर्ज जीएसटी कायद्याच्या कलम ५४ खाली. मळीवर आधी केंद्रीय उत्पादन शुल्क होतं, त्याचे जुने दावे त्याच कायद्याच्या कलम ११ ब खाली. चुकीच्या खिडकीत घातलेला अर्ज मुदत खातो.

मुदती अशा: ११ ब खाली एक वर्ष, पण 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे निषेध नोंदवून, भरलं असेल तर ही मर्यादा लागू नाही. निषेध भरतानाच नोंदवायचा. वर्षभराने सुचून उपयोग नाही. जीएसटीत दोन वर्षं. तिथे आरएफडी-०१ हा परताव्याचा नमुना भरायचा, दोन लाखांपर्यंत बोजा पुढे न टाकल्याची स्वघोषणा, दोन लाखांच्या वर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र. अर्ज पूर्ण असेल तर १५ दिवसांत आरएफडी-०२ ही पोच येते. त्रुटी निघाली तर आरएफडी-०३ हे त्रुटीपत्र, आणि मग दुरुस्ती नाही, नवाच अर्ज. (मधला काळ मुदतीतून वगळतात, तेवढी दया आहे.) नामंजूर करण्याचा विचार असेल तर आरएफडी-०८ नोटीस, उत्तराला फक्त १५ दिवस, म्हणून ताळेबंद आणि कॉस्ट शीट अर्जाच्या दिवशीच तयार ठेवावेत.

आकड्यांच्या चुकाही महागात पडतात. ७५० मिलिच्या १२ बाटल्यांची पेटी म्हणजे ९ बल्क लिटर (प्रत्यक्ष आकारमान), ४२.८ टक्के तीव्रतेला ते ६.७५ प्रूफ लिटर (ठरावीक प्रमाण तीव्रतेत मोजलेलं माप) होतात. हजार पेट्यांवर बल्क लिटरचाच आकडा प्रूफ लिटर म्हणून लिहिला तर २,२५० प्रूफ लिटरचं जादा शुल्क भरलं जातं. ९६ टक्क्यांच्या स्पिरिटचं उलट, एक बल्क लिटर म्हणजे सुमारे १.६८ प्रूफ लिटर. शिवाय तापमान: १० अंशांच्या फरकाने १०,००० लिटरच्या टाकीत शंभर लिटरच्या आसपास फरक दिसतो. परवान्याचा आकडा एका तापमानाचा आणि टाकीचं मोजमाप दुसऱ्या, असं झालं की दावा आणि नोंदवही जुळत नाही.

व्याज हा या सेवेचा चांगला भाग. जुन्या केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात कलम ११ बब खाली अर्जापासून तीन महिने उलटले की ते सुरू होतं, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. रॅनबॅक्सी निकालाने (२०११) हा घोळ मिटवला. जीएसटीत ६० दिवसांनंतर, साधारण ६ टक्के दराने. राज्याच्या दाव्यात मात्र त्या राज्याचा कायदाच पाहावा लागतो.

आणि ज्यांनी 'राज्याला औद्योगिक अल्कोहोलवर अधिकारच नाही' या पायावर दावा उभा केलाय त्यांनी फाइल पुन्हा उघडावी. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी लालता प्रसाद वैश्य प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी सिंथेटिक्सचा तो निकालच उलटवला. औद्योगिक अल्कोहोलही 'मादक द्रव' या राज्यसूचीतल्या शब्दात येतं, असं बहुमताने म्हटलं, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. परताव्याच्या दाव्यात १९८९ चा हवाला असेल तर तो आता सरकारी वकिलाच्या हातातलं हत्यार आहे.