अ‍ॅल्युम्नाय इंटरव्ह्यूचं मॉक पॅकेज, सहा महिन्यांनंतर: ४० मिनिटांनी तुटणारा सराव

अमेरिकेतल्या काही कॉलेजांच्या प्रवेशासाठी तिथले माजी विद्यार्थी अर्जदाराची मुलाखत घेतात, तो अ‍ॅल्युम्नाय इंटरव्ह्यू. त्याच्या सरावासाठी मुलीला ऑगस्टमध्ये घेतलेलं पाच सत्रांचं पॅकेज फेब्रुवारीत संपलं. त्यात ऑनलाइन सराव मुलाखती आणि नमुना उत्तरांसह साठ प्रश्नांची पुस्तिका होती. माझी मुख्य तक्रार एकच आहे. सराव झूमच्या फुकट खात्यावर घेतात आणि ते खातं ४० मिनिटांनी कॉल बंद करतं.

खरी मुलाखत बहुधा पाऊण तास तरी चालते. शेवटची दहा मिनिटं असतात ‘आता तुम्ही मला विचारा’ यासाठी. पाचपैकी चार सत्रं नेमकी त्याआधी तुटली. पैसे पूर्ण भरले आणि त्या भागाचा सराव एकदाच झाला. तक्रार केल्यावर उत्तर आलं, “मुख्य प्रश्न झाले ना?” हे मला अजिबात पटलेलं नाही. मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यासमोर सहसा मार्क, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण, अर्जातले निबंध यांतलं काहीच नसतं. त्याला कॉलेजला अहवाल लिहायचा असतो तो या गप्पांवरूनच, आणि मुलांची खरी ओढ त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून दिसते. गूगल मीटवर दोघांचा कॉल फुकटात २४ तासांपर्यंत चालतो. हे सांगूनही शेवटपर्यंत बदल झाला नाही.

त्या दहा मिनिटांसाठी प्रश्न सहा तयार ठेवावेत, कारण दोन-तीनांची उत्तरं बोलता बोलताच येऊन जातात. वेबसाइटवर सापडेल ते विचारू नये. १९९८ साली पदवी घेतलेल्या माणसाला आजच्या हॉस्टेलचे नियम माहीत नसतात; कोणत्या विषयाने त्याचा विचार बदलला, गृहपाठ गटात बसून कसा सोडवायचे, पहिला हिवाळा कसा गेला, हे तो आवडीने सांगतो. त्याच्या उत्तरावर एक उपप्रश्न विचारला की मुलाखतीच्या गप्पा होतात.

साठ प्रश्नांच्या पुस्तिकेबद्दल सप्टेंबरमध्ये मी फार चांगलं लिहिलं होतं. ते आता मागे घेते. नमुना उत्तरं पाठ केली की पहिल्याच ‘का?’ला गाडी अडते. ‘मी रोबोटिक्स टीमची कॅप्टन होते’ एवढं पाठ असतं, पण ‘तू स्वतःच्या हाताने काय बनवलंस?’ याचं उत्तर पुस्तिकेत नसतं. त्यापेक्षा पाच खरे प्रसंग निवडावेत, प्रत्येक दीड मिनिटात सांगावा, फोनवर रेकॉर्ड करून ऐकावा. मग प्रत्येकावर तीन प्रश्न: हे का केलं, काय फसलं, आज वेगळं काय करशील? तिसऱ्या सत्रातल्या ताईंनी असंच खोदून विचारलं. अख्ख्या पॅकेजमध्ये पैसे वसूल झाले ते त्या एका सत्रात, आणि त्यासाठी मी मनापासून आभारी आहे.

वेळेच्या बाबतीत पॅकेजने काहीच सांगितलं नाही. अर्लीच्या, म्हणजे लवकरच्या मुदतीत अर्ज करणाऱ्यांच्या, मुलाखती नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. बोस्टनचे सकाळचे ९ म्हणजे आधी आपले संध्याकाळचे साडेसहा, नंतर साडेसात. मुलाखतीच्या आमंत्रणाला होकार देताना मेलमध्ये दोन्हीकडची वेळ लिहावी. स्पॅम रोज उघडावा, आमंत्रण तिथे पडून राहतं. कॉलच्या वेळी आईबाबांनी खोलीबाहेर राहावं. झाल्यावर २४ तासांत चार ओळींचं आभाराचं मेल, त्यात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट.

पैसे भरण्याआधी यादीतली कॉलेजं मुलाखत घेतात का, ते प्रत्येकाच्या प्रवेश पानावर पाहा. कोलंबियाने ती बंद केली आहे. ब्राउनला त्याऐवजी छोटा व्हिडिओ पाठवता येतो. एमआयटीत माजी विद्यार्थी मुलाखत घेतात, पण ती सगळ्यांना मिळतेच असं नाही, आणि न मिळाल्याने अर्जाचं नुकसान होत नाही. त्या भीतीपोटी मोठं पॅकेज घेऊ नका.

आता घ्यायचंच असेल तर दोनच सत्रं मागा आणि प्रत्येक सत्र तासाचं असेल, हे पैसे देण्याआधी मेलवर लिहून घ्या. बाकीचा सराव घरी मीटवर होतो. समोर मात्र तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टबद्दल काहीही माहीत नसलेली एखादी मावशी किंवा शेजारचे काका बसवा.