घरी येऊन बघणारे कुत्र्यांचे डॉक्टर (बोरिवली), ५ पैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणारे. आणि हा क्लिनिकचा रिव्ह्यू नाही, कारण या डॉक्टरांचं क्लिनिकच नाही, एक ॲक्टिव्हा आणि पायाशी मावेल एवढी बॅग, संपलं. फक्त घरी येतात आणि जास्त करून म्हातारी, आजारी, शेवटाला आलेली जनावरं बघतात. आमची खारी गेली त्याला दोन महिने होतील, आत्ता कुठे हे लिहायला बसलेय.

खारी म्हणजे गावठीच, आजोळ कुठेतरी लॅब्रॅडॉर असावं. रंग बेकरीतल्या खारीचा म्हणून नाव खारी. वय बारा, वजन २२ किलो. सुरुवात झाली ती गळ्यातल्या पट्ट्यापासून. एका रविवारी पट्टा घट्ट वाटला म्हणून एक भोक सैल केला, पुढच्या आठवड्यात परत घट्ट. मला वाटलं जाडी झाली, सासूबाईंना बोलले सुद्धा की आई, पोळ्या कमी करा तिच्या. मग नवऱ्याने मान खाजवताना जबड्याखाली हात घातला तर दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी, आणि मागच्या पायांच्या गुडघ्यामागे पण. दाबलं तर दुखत नव्हतं तिला, उलट शेपूट हलवत होती, म्हणून आम्ही अजून चार दिवस काढले, ते काढायला नको होते.

जवळच्या एका मोठ्या, एसी वगैरे असलेल्या क्लिनिकमध्ये नेलं (नाव घेत नाही). सुईने गाठीतला नमुना घेतला, दोन दिवसांनी रिपोर्ट, लिम्फोमा. म्हणजे कॅन्सर. पाच मिनिटांत बोलणं संपलं आणि हातात ही मोठी पिशवी. स्टेरॉइड, पेनकिलर, लिव्हरचं टॉनिक, दोन सप्लिमेंट आणि इम्युनिटीची पावडर, चॉकलेट फ्लेवर. घरी येऊन सगळं इमानदारीत चालू केलं. चौथ्या दिवशी शी काळी, डांबरासारखी, चिकट. फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणे रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं असेल, खाणं बदलून बघा. जिला आम्ही रस्त्यावरची पोळी पण हुंगू देत नाही ती.

या डॉक्टरांचा नंबर दिला खाली बागेत बीगल फिरवणाऱ्या काकूंनी. संध्याकाळी फोन केला, रात्री नऊला आले. आल्या आल्या खाली फरशीवर बसले आणि दहा मिनिटं खारीला हातच लावला नाही, तीच शेवटी उठून त्यांची बॅग हुंगायला गेली. मला म्हणाले, ताई, घरात आहेत तेवढी सगळी औषधं एका ताटात काढून आणा. ताटात! मी खरंच स्टीलच्या ताटात आणली. त्यांनी बोटाने दोन ढीग केले आणि म्हणाले हे स्टेरॉइड आणि ही पेनकिलर, दोन्ही एकत्र कुत्र्याला द्यायची नसतात, पोटात अल्सर होऊन रक्त येतं, तुम्ही बघताय ते काळं म्हणजे पचलेलं रक्त आहे. पेनकिलर बंद. पण स्टेरॉइड तुमच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ते हळूहळू कमी करावं लागतं, आणि उपाशी पोटी द्यायचं नाही. पोटासाठी एक औषध लिहून दिलं. पावडरचा डबा बाजूला सरकवून म्हणाले, दुकानदार परत घेतो का बघा. (नाही घेतला.) चौथ्या दिवशी शीचा रंग परत नीट झाला.

त्याच बैठकीत केमोचं पण सगळं सांगितलं, जे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. ते स्वतः केमो करत नाहीत, कुठे होते ते सांगतात. चार औषधं आलटून पालटून, साधारण पाच-सहा महिने, मधे मधे रक्ताच्या तपासण्या. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि सरासरी वर्षभर मिळतं, काहींना कमी, काहींना जास्त, पण पूर्ण बरं होणं फार क्वचित. माणसांसारखं केस जाणं, उलट्यांनी हैराण होणं एवढं नसतं म्हणे कुत्र्यांत, कारण डोस त्या बेताने ठेवतात. आणि नुसत्या स्टेरॉइडवर एक ते दोन महिने. आणखी एक गोष्ट सांगितली जी ऐकून मी क्लिनिकवर खरी चिडले, की स्टेरॉइड आधी चालू केलं की नंतरची केमो तेवढी लागू पडत नाही, म्हणून हा निर्णय गोळ्या चालू करायच्या आधी विचारायला हवा होता, आता विचार करायचा असेल तर याच आठवड्यात करा. तुमच्यापैकी कोणाच्या कुत्र्याला जबड्याखाली अशा गाठी आल्या तर एवढं एक लक्षात ठेवा.

आम्ही केमो नाही केली. ती गाडीत बसली की लटलट कापते, वय बारा, आणि पैशांचा विचार केला नाही असं म्हणणार नाही, केला. सासूबाई म्हणाल्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या, तिथे सगळं होतं, पण बोरिवलीहून परळ म्हणजे या ट्रॅफिकमध्ये तिचा जीव तिथे पोचेपर्यंतच अर्धा झाला असता. डॉक्टरांना सांगितलं तर ते फक्त "बरं" म्हणाले. त्या "बरं" मध्ये टोमणा नव्हता, हे माझ्यासाठी फार होतं, कारण नातेवाइकांच्या प्रत्येक "बरं" मध्ये तेव्हा तो ऐकू येत होता.

मग त्यांनी काम लावलं. म्हणाले, खारीच्या तीन आवडीच्या गोष्टी लिहा, खाण्याच्या सोडून, कारण स्टेरॉइडवर कुत्रं दगड पण खाईल. आम्ही लिहिलं, सिलेंडरवाल्यावर भुंकणं, सकाळी बाल्कनीच्या उन्हात पडणं, मुलगा शाळेतून आला की त्याचा एक मोजा पळवणं. रोज रात्री बघायचं, तीनपैकी दोन केल्या तर बरोबरची खूण, नाही तर फुली. विलालोबोस नावाच्या अमेरिकन व्हेट बाईंची सात मुद्द्यांची पट्टी असते, दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणंफिरणं आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला दहापैकी मार्क, ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय असं धरतात. ती पण दाखवली त्यांनी मोबाईलवर, पण म्हणाले, रोज मार्क द्यायला बसलात की तुम्ही मार्क वाढवून देणार, सगळेच देतात, त्यापेक्षा फुली बरी. खुणा झाल्या कालनिर्णयवर, जिथे सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. त्यामुळे आमच्याकडे अजून ते पान आहे, "दीड लि." आणि खाली बरोबरची खूण, "१ लि." आणि खाली फुली.

स्टेरॉइडने गाठी आठवड्याभरात बसल्या, पट्टा परत जुन्या भोकावर. पण पाणी प्यायची बादलीभर आणि रात्री दोन आणि चारला खाली न्यावं लागायचं, वॉचमन पण उठून गेट उघडायला कंटाळला. जाता जाता कामाच्या वस्तू सांगते. मोठ्या माणसांचे अंडरपॅड मेडिकलमधून घ्या, पेट शॉपमधल्यापेक्षा स्वस्त आणि मोठे. पायातली ताकद गेल्यावर चढउतार करायला हार्नेस मागवला होता, तिच्या काखेत घासायला लागला, शेवटी सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीची रुंद घडी पोटाखालून घेतली आणि दोन्ही टोकं वर धरली, ते सगळ्यात उत्तम. आणि फरशीवर योगा मॅटचे तुकडे, पाय सटकत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या आठवड्यात गाठी परत आल्या, आणि एक दिवस ती उठेचना. दीड दिवस काही खाल्लं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली. रात्रभर आम्ही दोघं बोललो, रडलो, ठरवलं, आणि सकाळी मी फोन करून म्हटलं डॉक्टर, या आणि सोडवा तिला. मुलाला शाळेत पाठवलं नाही. ते आले, बॅग दाराबाहेर चपलांपाशी ठेवली, ताप बघितला, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, शेवटची शी कधी केली विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघतोय, तीन दिवस झाले होते. म्हणाले, "आज नाही. कॅन्सर आहेच, पण आज तिचं जे चाललंय ते पोट तुंबल्यामुळे आहे, आणि अंगात पाणी कमी आहे." एनिमा दिला, कातडीखाली सलाईन सोडलं, पाठीवर उंटासारखा फुगा आला तिच्या, मुलगा हसला सुद्धा. व्हिजिटचे ८०० रुपये घेतले आणि गेले. संध्याकाळी खारीने मुलाच्या हातातली खारी ओढून घेतली.

अकरा दिवस मिळाले त्यानंतर. त्यातले पाच बरोबरच्या खुणांचे, एक दिवस तर सिलेंडरवाल्यावर अशी भुंकली की तो बिचारा जिन्यात थांबला. मग सलग सहा फुल्या. मानेतल्या गाठी एवढ्या वाढल्या की कुशीवर पडता येईना, श्वासाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा, शेवटच्या रात्री बसूनच होती, हनुवटी खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवून. झोप लागली की हनुवटी घसरायची, श्वास अडकायचा, की दचकून परत टेकवायची. मी पहाटे व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन, "ताई, आता उद्यावर ढकलू नका. रात्री श्वास अडकला तर त्या वेळी तुम्हाला कोणी मिळणार नाही आणि तिचे हाल होतील." आम्ही पुढे एक प्रश्न विचारला नाही. ज्या माणसाने अकरा दिवसांपूर्वी दारात बॅग ठेवून आज नाही म्हटलं होतं, त्याने आज म्हटल्यावर विचारायचं काय? त्या मोठ्या क्लिनिकने हेच सांगितलं असतं तर मी अजून तीन जणांना विचारलं असतं आणि ती तोवर त्या दांडीवर टेकून बसली असती.

आता अर्धा स्टार. अकराला येतो म्हणाले, अकरा पन्नासला आले. दुसऱ्या कुठल्या कामाला पन्नास मिनिटं म्हणजे काही नाही, पण ती पन्नास मिनिटं मी माझ्या वैऱ्याला देणार नाही. मुलगा तिच्यासमोर सगळे मोजे मांडून बसला होता. उशीर होतोय असा मेसेज तरी करायचा. आणि पायावरचे केस काढायला जो ट्रिमर आणला तो एवढा गुरगुरत होता की गुंगीत सुद्धा तिचा कान हलला. शीर पण दुसऱ्या वेळी सापडली. त्याला मात्र ते बोलले, "पाणी कमी झालं की शिरा बसतात, सॉरी," म्हणून ते धरत नाही.

बाकी सगळं आधी नीट समजावलं. पैसे आधीच घेतले, कारण नंतर कोणाला पाकीट शोधायला लावत नाही म्हणाले (५,५०० झाले, बिल मागितल्यावर देतात, आपणहून नाही). आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांत गाढ झोप, मग शिरेतून भुलीचंच औषध मोठ्या डोसमध्ये. डोळे उघडे राहतील, गेल्यावरही एखादा उसासा आल्यासारखं होईल, लघवी होईल, घाबरू नका, त्यात ती नसेल. हे आधी सांगितलं म्हणून खरंच उसासा आला तेव्हा मुलगाच मला म्हणाला, आई, सांगितलं होतं ना त्यांनी.

सासूबाईंनी तांब्यात गंगाजल आणि तुळशीचं पान आणलं. बारा वर्षांत ज्यांनी खारीला ओट्यापाशी येऊ दिलं नाही त्या. गुंगी चढली होती, डॉक्टर म्हणाले, "आजी, पाणी ओठाला लावा फक्त, तोंडात नको, गिळता येणार नाही तिला आता, ठसका लागेल." त्यांनी बोट बुडवून ओठाला लावलं. पान नंतर ठेवलं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग नुसती मान हलवली.

दाखला तिथेच लिहून दिला, तो पुढे लागतो. मालाडला पालिकेची प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी २०२३ मध्ये सुरू झालीय, त्यांनीच सांगितलं, तिथे नेलं. लिफ्टमधून त्याच नऊवारीत घालून उतरवलं, वॉचमनने न सांगता एक टोक धरलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं विचारपूस. विचारपूस होतीच, पण स्टेरॉइडची न उघडलेली पाकिटं उरली असतील तर दहिसरला एक जण आहेत, त्यांच्या कुत्र्याला हवीयत, देता का. दिली. पावडरचा डबा पण देऊ का विचारलं तर हसले.

नंबर इथे टाकत नाही, त्यांनी टाकू नका सांगितलंय. हवा असेल तर मला मेसेज करा. बोरिवली, कांदिवली, दहिसर एवढंच करतात, मांजरं पण बघतात. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत, झोपतात. आणि वेळ दिली की पाऊण तास पुढची धरा.